गुमास्ते-नाडगौडा

"यंदा मी रेगेबाईंबरोबर बसतोय," गुमास्ते म्हणाला आणि बशीत चहा ओतायला लागला.

आम्ही माळीबुवांच्या हॉटेलात आमच्या नेहमीच्या टेबलाशी होतो. माझ्या तोंडात अर्धं भजं होतं. ते गरम होतं म्हणून मला लगेच काही बोलता आलं नाही.

"कुठे बसतोयस?" मी विचारलं. कुठे ते मला पक्कं कळलं होतं.

"प्रश्नमंजुषेला. नावंही देऊन आलो सकाळी. गुमास्ते-रेगे."

"का?"

"बाईंना हौस आहे," तो म्हणाला. "आणि बदल बरा असतो कधीतरी."

बदल बरा असतो, हे वाक्य त्यानं खिडकीबाहेर बघत म्हटलं. अशी वाक्यं माणसं खिडकीबाहेर बघूनच म्हणतात. मी उरलेलं भजं गिळलं आणि हवापाण्याचा विषय काढला.

इथे आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. बार्शीत तेव्हा करमणुकीची साधनं बेताची. दोन थिएटरं, एक भगवंताचं देऊळ आणि संक्रांतीनंतरच्या तीन रविवारी सकाळी ज्ञानदीप वाचनालयात होणारी प्रश्नमंजुषा. हिला गर्दी एवढी व्हायची की लोक खिडक्यांच्या गजांना धरून उभे राहत. दोघांची जोडी, समोर टेबलावर एक पितळी घंटा आणि व्यासपीठावर उंबरजे वकील. प्रश्न तेच काढायचे, तेच विचारायचे आणि उत्तर आलं नाही तर तेच खूश व्हायचे. जिंकणाऱ्या जोडीला वकिलांच्या दिवंगत वडिलांच्या नावाचा करंडक मिळे. करंडकावर सरस्वतीचा हंस हवा असं सोलापूरच्या कारागिराला सांगितलं होतं. त्यानं मनापासून बदक घडवलं. गावात सगळे त्या करंडकाला बदकच म्हणत, फक्त वकिलांसमोर म्हणत नसत.

हे बदक ओळीनं कितीतरी वर्षं आम्ही घरी नेलं होतं. आम्ही म्हणजे गुमास्ते-नाडगौडा. लोक हे नाव एका दमात उच्चारत, जणू तो एकच माणूस असावा आणि त्याला चार हात असावेत. गुमास्ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, मी कॉलेजात इतिहास. ग्रहतारे, प्राणी, धातू, क्रिकेट त्याच्याकडे. राजे, लढाया, गाणं, लेणी, सिनेमा माझ्याकडे. वेरूळचं कैलास कुणाच्या काळातलं हे मी सांगायचं, ते ज्या खडकात कोरलं तो कसा तयार झाला हे त्यानं.

बोलायची सोय नव्हती, कारण शेजारच्या टेबलावरचे कान टवकारून बसत. म्हणून आमच्या खुणा ठरल्या होत्या. मी पेनाचं टोपण काढलं की मला येतंय. त्यानं घंटेवर पंजा ठेवला की त्याला येतंय. आणि त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला की अर्थ एकच: माझ्याकडे नाही, तू घे.

हे झालं जोडीचं. आता जोडीतल्या दुसऱ्या नावाचं सांगतो, कारण ते माझं होतं. गावात काही अडलं की लोक म्हणायचे, गुमास्ते सरांना विचारा. मी शेजारी उभा असलो तर मला विचारायचे, गुमास्ते सर कुठे भेटतील? बरोबर उत्तर मी दिलं तरी टाळ्या वाजताना लोकांचे डोळे त्याच्यावर असायचे. आणि तो? मी पानिपतची तारीख सांगितली, गोलघुमट कुणाची कबर ते सांगितलं, काहीही सांगितलं, तरी तो माझ्या कानाशी येऊन एकच शब्द म्हणायचा: "ऐकीव."

त्याचं म्हणणं असं, की विज्ञान माणसाला करून बघता येतं. इतिहास म्हणजे नुसतं ऐकीव. कुणीतरी कुणाला सांगितलं, त्यानं तुला सांगितलं. तुझं त्यात काय आहे, नाड्या?

इतक्या वर्षांत त्यानं एकदाही "वा" म्हटलं नव्हतं. मला ते लागायचं, पण मी ते दाखवत नव्हतो. आणि आता हा माणूस मला सोडून रेगेबाईंबरोबर बसणार होता.

शर्वरी रेगे म्हणजे गावात नव्यानं बदलून आलेल्या बँक मॅनेजरची बायको. मुंबईच्या. काळ्या फ्रेमचा चष्मा, खादीच्या साड्या आणि "ॲक्च्युअली" म्हणायची सवय. वाचनालयात आल्या आल्या त्यांनी ग्रंथपालाला विचारलं होतं, एवढीच का पुस्तकं? गाव त्या दिवसापासून त्यांना वचकून होतं.

घरी येऊन मी कुमुदला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"अहो, मग तुम्हीही दुसरं कुणीतरी बघा की."

"असं कसं दुसरं कुणी बघा? ही काय भाजी आहे?"

"तुमचं तोंड बघून कुणालाही वाटेल, बायको पळून गेली," ती म्हणाली. "मी इथेच आहे. कणीक मळतेय."

"त्या बाईत असं काय आहे?"

"साड्या बऱ्या नेसतात."

"कुमुद, मी ज्ञानाबद्दल बोलतोय."

"मी नाही बोलत," कुमुद म्हणाली.

शेवटी तिनंच तोडगा काढला. तिचा भाऊ, बजरंग. आडतीत धान्याचा व्यापार, आवाज लिलावाचा. त्याला क्रिकेट आणि हिंदी सिनेमा सोडून जगात तिसरी गोष्ट आहे हे मान्य नव्हतं. त्याला मी रोज संध्याकाळी शिकवायला बसलो.

"दाजी, ऑक्टोपसला तीन काळजं असतात म्हणता. मग त्याला झटका आला तर?"

"तो प्रश्न येणार नाही."

"आला तर?"

मी गुमास्तेची सगळी खाती बजरंगच्या डोक्यात भरायचा प्रयत्न करत होतो. ती माझ्याकडे आली होती ती गुमास्तेकडूनच, माळीबुवांच्या टेबलावर. शुक्राचं तर त्यानं मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं. "नाड्या, शुक्र सूर्याला प्रदक्षिणा घालून मोकळा होतो, पण स्वतःभोवती एकदा वळायला त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. गावभर हिंडून येईल, पण स्वतःकडे वळून बघायला वर्ष पुरत नाही. आपल्या उंबरजे वकिलासारखं." हे मी बजरंगला सांगितलं. बजरंग इतका हसला की शेजारचे डोकावले.

त्या दिवसांत मी गुमास्तेवर नजर ठेवून होतो, हे सांगायला हरकत नाही. माळीबुवांकडे तो आमच्या नेहमीच्या वेळेला यायचा बंद झाला. एकदा त्याची सायकल हॉटेलाबाहेर सकाळपर्यंत तशीच पडून होती.

"सर पायीच गेले काल," माळीबुवा म्हणाले. "सकाळी येऊन शोधत होते, कुठं ठेवली म्हणून."

पायी? गुमास्ते दोन गल्ल्या ओलांडायलाही सायकल काढायचा. रेगेबाई पायी फिरायच्या, तब्येतीसाठी. मी दोन आणि दोन चार केले.

दुसऱ्यांदा तो मला पोस्टासमोर भेटला. मी मुद्दाम आडवा गेलो.

"काय, तयारी जोरात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, जसं माणूस देणेकऱ्याकडे बघतो. मग म्हणाला, "अरे, तू! बरं आहे ना घरी?"

"घरी बरंच असतं. तुझ्या बाई काय म्हणतात?"

"चांगल्या आहेत," तो म्हणाला. "काही विचारत नाहीत."

आणि तो चालायला लागला, शाळेच्या उलट्या दिशेला. रेग्यांचं घर त्याच बाजूला होतं. मी पोस्टात शिरलो. पोस्टात माझं काहीच काम नव्हतं, म्हणून एक कार्ड घेतलं आणि घरी येऊन कुणाला लिहावं असा विचार करत बसलो.

पहिल्या दोन रविवारी दोन्ही जोड्या जिंकत गेल्या. मी गर्दीत उभा राहून गुमास्तेचा खेळ बघत होतो. उत्तरं बाईच द्यायच्या. नृत्य, चित्रकला, परदेशी लेखक. बाई घंटा वाजवायच्या आणि "ॲक्च्युअली" म्हणून सुरू व्हायच्या. गुमास्ते मान डोलावायचा, हसायचा, एकदा तर टाळीही वाजवली. टाळी! माझ्या उत्तराला ऐकीव म्हणणारा माणूस स्वतःच्या जोडीदारणीला टाळ्या वाजवत होता.

"सरांनी बाईंना पुढं केलंय," मागून कुणीतरी म्हणालं. "मोठं मन लागतं."

मला कधी त्यानं पुढं केलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी हॉल इतका भरला होता की वाचनालयाची कपाटं बाहेर काढून ठेवावी लागली. एका टेबलावर गुमास्ते आणि रेगेबाई, समोरच्या टेबलावर मी आणि बजरंग. मी त्याच्यासमोर कधी बसलोच नव्हतो. मी त्याच्या डाव्या बाजूचा माणूस. समोरून तो वेगळाच दिसत होता, बारीक झालेला, सदऱ्याचं एक बटण चुकून खालच्या काजात. बाईंनी सांगितलं कसं नाही, असं मला वाटलं, आणि लगेच बरंही वाटलं.

वकिलांनी घसा साफ केला. पहिल्या फेरीत मी दोन लढाया आणि एक किल्ला मारला. बजरंगनं विश्वचषकाचं साल लिलावाच्या आवाजात सांगितलं, तेव्हा खिडकीतलं एक पोर दचकून खाली पडलं. रेगेबाईंनी बॅले आणि बासरीवर उत्तरं दिली. गुमास्तेच्या विषयातले दोन प्रश्न आले तेव्हा त्यानं घंटेवर पंजा ठेवला नाही. बाईंनीच एकाचं उत्तर अंदाजानं दिलं आणि ते बरोबर निघालं. तो आरामात बसला होता. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्यांचा खेळ बघतो तसा.

गुण बरोबरीत आले. वकिलांनी हात वर केला.

"आता शेवटचा प्रश्न. चिठ्ठी निघाली त्याप्रमाणे आधी गुमास्ते-रेगे. त्यांना आलं नाही तर नाडगौडांकडे. दोघांनाही आलं नाही, तर करंडक विभागून. सहा महिने यांच्याकडे, सहा महिने त्यांच्याकडे." त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "आपल्या सूर्यमालेतला असा ग्रह कोणता, ज्याला स्वतःभोवती एक फेरी मारायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो?"

बजरंगनं माझ्या मांडीवर जोरात चापट मारली. "दाजी!" तो कुजबुजला. त्याची कुजबूज तिसऱ्या रांगेपर्यंत जायची. "वकिलाचा ग्रह!"

"गप्प," मी म्हणालो.

संपलं, मला वाटलं. आता तो पंजा ठेवणार, उत्तर देणार, गाव उभं राहणार आणि बदक रेग्यांच्या दिवाणखान्यात जाणार. बाईंनी गुमास्तेकडे पाहिलं. हॉलमध्ये प्रत्येकानं गुमास्तेकडे पाहिलं. हायस्कुलातून बाहेर पडलेल्या निम्म्या गावाला त्यानंच तर शुक्र शिकवला होता.

गुमास्तेनं चष्मा काढला.

सदऱ्याचं टोक धरलं आणि हळूहळू काचा पुसायला लागला. बाईंना या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पण तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. बिनचष्म्याच्या डोळ्यांनी तो समोर बघत होता, माझ्याकडे.

माझ्याकडे नाही, तू घे.

मग मला अर्थ लागला. देतोय! हा मला बदक देतोय. सगळ्या गावादेखत. मला सोडून गेला, बाईंच्या शेजारी बसून मजा केली, आणि आता मन मोठं करून नाडगौडाला खाऊ देतोय, घे बाळ. उद्या माळीबुवांकडे म्हणतील, सरांना येत होतं हो, त्यांनीच सोडलं. आयुष्यभर दुसरं नाव आणि आता बक्षीसही त्याच्या हातून.

"गुमास्ते सर?" वकील म्हणाले. "वेळ होत आली."

"नाही," गुमास्ते म्हणाला. आवाज एकदम लहान.

हॉलमध्ये कुजबूज उठली. वकिलांचा चेहरा उजळला. "नाडगौडा?"

मी पेनाचं टोपण काढलं होतं. ते परत लावलं. टिक असा आवाज झाला.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो.

"दाजी! अहो परवाच तर…" बजरंगच्या पायावर मी माझा पाय दाबला. व्यापारी माणूस, सौदा फिसकटतोय एवढं त्याला कळलं आणि तो गप्प झाला.

"शुक्र!" वकील गरजले. इतका आनंद त्यांना कोर्टात कधी झाला नसेल. "पाहिलंत? गुमास्ते सरांना नाही, नाडगौडा सरांना नाही! प्रश्न काढावा तर असा!"

"प्रश्नच अवघड होता," खिडकीतलं कुणीतरी म्हणालं. "दोघांनाही आला नाही म्हणजे बघा." ते मत हॉलभर पसरलं आणि पाच मिनिटांत गावाचं झालं. सरांनाच कसं आलं नाही, असं कुणी म्हटलं नाही. दोघांना आलं नाही म्हटल्यावर विषयच संपला.

लोक वकिलांभोवती जमले. रेगेबाई बजरंगला ऑक्टोपसबद्दल काहीतरी विचारत होत्या. मी गुमास्तेला शोधत मागच्या दारानं बाहेर आलो. मनातल्या मनात भाषण तयार होतं. तुझी दया तुझ्याजवळ ठेव, अशी सुरुवात होती.

तो बाहेर काढून ठेवलेल्या कपाटांच्या आडोशाला उभा होता. चष्मा अजून हातातच. मला बघताच पुढे आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. असं त्यानं कधी केलं नव्हतं. आम्ही हात धरणाऱ्यांपैकी नव्हतो.

"ओळखलंस ना?" तो म्हणाला. "म्हणूनच तू बोलला नाहीस. मला कळलं. तुला येत होतं, तुझं टोपण निघालेलं मी बघितलं. तू बोलला असतास, तर उद्या गाव म्हणालं असतं, सरांना झालं काय? फार बरं केलंस, नाड्या."

माझं भाषण राहूनच गेलं. "काय ओळखलं?" असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

"कधीपासून?" मी म्हणालो.

"गेल्या पावसाळ्यापासून. वर्गात फळ्याकडे वळलो की पोरांकडे परत वळेपर्यंत विषय गेलेला असतो. सायकल कुठं ठेवली ते जातं. मध्यंतरी शाळेला म्हणून निघालो आणि उलट्याच दिशेला चालत गेलो. तू भेटलास त्या दिवशी, तुझं नाव यायला किती वेळ लागला, लक्षात आलं असेल तुझ्या."

"आलं होतं," मी म्हणालो.

"पुण्याला दाखवलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं." तो थांबला, आणि मग जुना गुमास्ते जरासा हसला. "ते विसरलो."

मलाही हसू आलं. दोघंही कपाटांच्या मागे हसलो आणि मग दोघंही एकदम थांबलो.

"मला सांगायचं होतंस. नाहीतर बसायचंच नाही यंदा."

"बसलो नसतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, का बसत नाही. आणि तुझ्या शेजारी कसा बसू? मला काय काय येतं हे जगात तुला एकट्याला माहीत आहे. एकेक गेलेलं तू मोजलं असतंस. बाई नव्या आहेत. त्यांना वाटतं, या माणसाला एवढंच येतं." त्यानं चष्म्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "त्यांच्या शेजारी बरं वाटायचं. पण शेवटी बघ, नजर तुझ्याकडेच गेली."

आतून वकील हाका मारत होते. फोटोसाठी चौघं हवे होते, बदकासकट.

"येतो," मी ओरडलो. गुमास्तेनं माझा हात सोडला नव्हता.

"नाड्या, उत्तर काय होतं रे?"

"शुक्र. आत्ताच सांगितलं वकिलांनी."

"शुक्र का?"

"सूर्याला प्रदक्षिणा घालून मोकळा होतो," मी म्हणालो, "पण स्वतःभोवती वळायला त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. गावभर हिंडून येईल, स्वतःकडे वळून बघायला त्याला वर्ष पुरत नाही. आपल्या उंबरजे वकिलासारखं."

तो हसला. अगदी मनापासून, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मग त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेची मी इतकी वर्षं वाट बघत होतो.

"वा," तो म्हणाला. "तुला बरं सगळं माहीत असतं, नाड्या."

"ऐकीव आहे," मी म्हणालो.